जावईबापूंची चासी

उल्हास धुमाळांना रागवायला कारण लागत नसे, माणूस लागत असे. तोही हाताशी नसला तर वस्तू चालायची. टेक्सासातल्या गार्लंडच्या घरात गेल्या तीस वर्षांत एक टोस्टर, दोन रिमोट आणि मागच्या कुंपणाची एक फळी, एवढ्यांनी त्यांच्या रागापायी प्राण सोडले होते. त्यांच्या पत्नी कांचनताईंची हयात हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली होती, तेव्हा आरडाओरडा करणारी माणसं त्यांना नवी नव्हती. "आधी बीपीची गोळी घ्या, मग ओरडा," एवढंच त्या म्हणायच्या. उल्हासराव निमूटपणे गोळी घेत आणि मग ओरडत.

पण जावयासमोर हाच माणूस मुका व्हायचा. जवळच्याच फ्रिस्को गावातल्या मुलीच्या मोठ्या घराचं दार उघडलं, समोर संग्राम दिसला, की यांचा आवाज एकदम खाली यायचा. "काय संग्रामराव, बरं आहे ना?" बस्स. पुढे दोन तास फक्त मान हलवायची. धुमाळांच्या घरात जावयाला उलट बोलायची रीत नव्हती. भोसरीला यांच्या वडिलांचा जावई सहा महिने बिनकामाचा घरी बसला होता, तरी ‘या, बसा, चहा घ्या’ याखेरीज त्याला कुणी काही ऐकवलं नव्हतं. उल्हासरावांनी भोसरीहून टेक्सासात फारसं काही आणलं नाही. हे मात्र जपून आणलं.

मनातल्या मनात मात्र ते जावयाला काय काय बोलत, ते इथे छापण्यासारखं नाही.

या माणसाचं आयुष्य सांगायचं तर जोडकामात, म्हणजे वेल्डिंगमध्ये, सांगावं लागेल. आयटीआय करून ते भोसरीत एका ग्रिल-गेटवाल्याच्या शेडमध्ये लागले. रस्त्याच्या कडेला पत्रा, एका हातात काळी काच, दुसऱ्या हातात रॉड, आणि डोक्यावर उभं राहून ‘आटप रे लवकर’ म्हणणारं गिऱ्हाईक. पुढे कांचनताईंना टेक्सासात नर्सची नोकरी मिळाली आणि त्यांच्या व्हिसाच्या शेपटाला धरून हे आले. नर्सबाईचा नवरा. आल्यावर वर्षभर घरात बसून भिंतींवर चिडले, आणि मग एका सकाळी टँकर बनवणाऱ्या कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथे यांची परीक्षा झाली. दोन पट्ट्या जोडायच्या, जोड थंड झाला की तो तुकडा यंत्रात घालून इंग्रजी यू होईपर्यंत वाकवायचा. जोड उलला तर घरी जा. यांचा तुकडा वाकला आणि जोडावर केसाएवढी भेग आली नाही. बाप कोण, शिक्षण किती, इंग्रजी कसं, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर.

एकतीस वर्षं त्यांनी दुधाचे आणि रसायनांचे टँकर जोडले. कारखान्यात सगळे त्यांच्या रागाला वचकून असत, पण तिथे तो राग कामाचा होता. स्वतःचाच जोड मनासारखा आला नाही, तर साहेबानं पास केलेला असतानाही शिव्या घालत तो कापून पुन्हा करणारा माणूस होता हा. हेल्मेटची काच खाली आली की मात्र डोकं शांत. समोर वितळलेल्या लोखंडाचं वाटाण्याएवढं तळं आणि ते पुढे नेणारा हात, एवढंच जग उरायचं. राग यायचा तो काच वर केल्यावर, आणि त्याला आमच्या लोकांनी भरपूर खाद्य पुरवलं.

आमचे लोक म्हणजे इथल्या मराठी मंडळातले. सुरुवातीला धुमाळ कुटुंब हौसेनं मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं. जेवणाच्या रांगेत एका डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीत? इंजिनियर ना?" हे म्हणाले, "नाही. वेल्डर." डॉक्टर हसले. "म्हणजे वेल्डिंग सुपरवाइज करता." "नाही. वेल्डिंग करतो." डॉक्टरांना अचानक मसालेभातात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं, ते ताटात बघत पुढे सरकले. उल्हासराव श्रीखंड संपवून घरी आले आणि पुन्हा मंडळात पाऊल म्हणून टाकलं नाही. बाहेरच्यांवर असं रागावता येतं. घरच्यांवर काय करणार?

एकुलती मुलगी रेणू इथेच लहानाची मोठी झाली, शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली. लग्न ठरवायच्या वेळी तिनं स्वतःच बायोडेटा लिहिला. आई: रजिस्टर्ड नर्स. वडील: मेटलर्जी कन्सल्टंट. उल्हासरावांना तो कागद प्रिंटरच्या ट्रेमध्ये सापडला. त्यांनी दोनदा वाचला, होता तसा ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन कुंपणाची ती फळी मोडली. रेणूला एक शब्द बोलले नाहीत. संग्राम पुण्याचा, सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, चांगल्या घरचा. लग्न झालं, अनिका झाली, ती नऊ वर्षांची झाली, तरी सासरे कन्सल्टंटच राहिले. संग्रामची काही चूक नव्हती. त्याला जे सांगितलं ते त्यानं खरं मानलं. उल्हासरावांना हे कळत होतं, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येत होता.

तर या संग्रामनं चाळिशी ओलांडल्यावर एक जुनी गाडी घेतली. एकोणीसशे चौतीस सालची, दोन दारांची, चपट्या छपराची. तिच्यात आताचं दांडगं व्ही-एट इंजिन घालायचं आणि हॉट रॉड बनवायची, असं खूळ त्यानं घेतलं. इथे असं खूळ पुष्कळांना असतं, त्यात वाईट काही नाही. पण त्या काळच्या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, म्हणजे नुसत्या दोन लांब पट्ट्या, बाजूनं सी अक्षरासारख्या उघड्या. मूळ इंजिन मरतुकडं, त्याला ते पुरे होतं. आताच्या इंजिनचा जोर आला की ती चासी पिळवटते. म्हणून सीच्या उघड्या तोंडावर पोलादाची पट्टी बसवून, जोडून, तिची बंद पेटी करतात. त्या जोडावर सगळी गाडी आणि आत बसलेली माणसं.

मार्चमधल्या एका रविवारी संग्रामनं सासू-सासऱ्यांना जेवायला बोलावलं. पावभाजी झाली आणि त्यानं दिवाणखान्यातल्या भिंतभर टीव्हीवर लॅपटॉप जोडला. पडद्यावर एक्सेलची शीट. हिरवे, पिवळे, लाल चौकोन.

"बाबा, तुमचा इनपुट हवाय," संग्राम म्हणाला. "तुम्ही मेटलर्जीतले. चासी बॉक्स करायला वेल्डिंगची कुठली मेथड घ्यायची, त्याचं मी अ‍ॅनालिसिस केलंय. मिग, टिग आणि स्टिक."

उल्हासराव सोफ्यात सावरून बसले. जोडकामाबद्दल या घरात त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्या एका क्षणी, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं.

"टिगचे जोड काय दिसतात बाबा! नाणी एकावर एक सरकवून ठेवल्यासारखे. पण एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सळी, पायाखाली पेडल, शिकायलाच वर्ष जाईल. सो आउट ऑफ फाइव्ह, थ्री पॉइंट एट. मिगमध्ये तार आपोआप सुटत राहते, ट्रिगर दाबला की झालं. फोर पॉइंट वन. आणि स्टिक तर मी आउटच केलंय." संग्राम लाल चौकोनाकडे बोट करून हसला. "ते आपल्याकडे रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गेट-बिट जोडतात ना, तसलं काम. एकदम क्रूड असतं यार ते." मग सासऱ्यांसमोर ‘यार’ तोंडातून गेलं म्हणून त्यानं जीभ चावली. ‘गेट’ गेलं म्हणून चावली नाही.

रेणू भांडी उचलत होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि घाईघाईनं किचनमध्ये गेली.

उल्हासरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यावरच्या त्याच शेडमध्ये, त्याच रॉडनं जोडलेली गेटं भोसरीत आजही उभी आहेत रे गाढवा, असं त्यांच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. त्यासोबत दुसरंही बरंच गिळलं. कारण मिग चालतं, उत्तम चालतं, पण ते कधी चालतं हे त्या हिरव्या चौकोनांत कुठेच नव्हतं. मघाशी सोडा आणायला ते गॅरेजमधल्या फ्रिजपाशी गेले होते, तेव्हा कोपऱ्यात नव्या मशीनचं खोकं त्यांनी पाहिलं होतं. घरातल्या साध्या, इथल्या एकशे दहा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारं डबडं. पत्रा जोडायला ठीक, चासीच्या जाड पट्टीला त्याची आच पोचायची नाही. तार वरच्यावर वितळेल आणि जोड झाल्यासारखा दिसेल. मशीन आधीच घेऊन झालं होतं, आणि वर इनपुट हवा होता.

"मग बाबा? मिग विन करतंय. चालेल ना?"

"चालेल," उल्हासराव म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी एका पिकअपवाल्याला, दोन सिग्नलना आणि टोलच्या कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. कांचनताईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. "अहो, काय बोलायचं ते तिथं बोलायचं होतं. मला आणि त्या कॅमेऱ्याला कशाला?"

"जावयाला शिकवू आता मी? त्यांचा काही मान आहे की नाही?"

"त्यांनीच विचारलं ना तुम्हाला?"

"विचारलं नाही, दाखवलं. दोन्हीत फरक असतो," ते म्हणाले.

मग संग्रामचे फोटो यायला लागले. फॅमिली ग्रुपवर दर शनिवारी चार-पाच. संग्राम हेल्मेट घालून, ठिणग्या उडताना, हातात ट्रिगर. उल्हासराव चष्मा चढवत, दोन बोटांनी फोटो मोठा करत आणि बघत. जोड पट्टीवर अळी बसावी तसा वरच्यावर बसला होता. पट्टीच्या कडा तिरप्या घासलेल्या नव्हत्या, मध्ये फट ठेवलेली नव्हती, म्हणजे रस आत उतरायला वाटच नव्हती. शिकाऊ पोरानं असलं काम केलं असतं तर यांनी कारखान्यात छप्पर डोक्यावर घेतलं असतं. इथे त्यांनी अंगठ्याचं चित्र दाबलं. वर ‘छान’ असंही लिहिलं. आणि एक गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. ज्या दिवशी असे फोटो येत, त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागे.

गाडी रस्त्यावर यायच्या आधी बोलू, असं त्यांनी ठरवलं होतं. अशा गाड्या वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये खितपत पडतात, घाई काय आहे? ते फ्रिस्कोला जायचं टाळत राहिले. कधी गुडघा, कधी प्लंबर. पण संग्राम कामाचा माणूस. जुन्या गाड्यांच्या क्लबातले दोघं मदतीला घेऊन त्यानं तीन महिन्यांत इंजिन बसवलं, बॉडी चढवली, रंग दिला. जूनमधल्या एका शुक्रवारी रेणूचा फोन आला. "बाबा, उद्या लंचला या. गाडी रेडी आहे. संडेला आम्ही तिघं वेकोच्या कार शोला जाणार, हायवे पस्तीसनं. त्याआधी तुम्ही बघा तरी."

उल्हासरावांच्या हातातला चहा कपातच राहिला. वेको सव्वाशे माइल. ट्रकांच्या गर्दीतून.

शनिवारी अकरा वाजता ते फ्रिस्कोला पोचले. ऊन असं की गॅरेजच्या दाराला हात लावता येत नव्हता. आत ती गाडी उभी होती, गडद मरून, आरशासारखी. पुढची चाकं उघडी, त्यांच्यामधून चासीच्या दोन्ही पट्ट्या दिसत होत्या, त्याही मरून. मागच्या सीटवर अनिका काळा चष्मा लावून बसली होती.

"आजोबा, आय गेट द होल बॅक सीट!"

उल्हासरावांनी तिला हात केला आणि गुडघ्याची पर्वा न करता ते पुढच्या चाकापाशी खाली बसले. पट्टीवरून अंगठा फिरवला. अंगठा कुठे अडलाच नाही. सगळं काचेसारखं गुळगुळीत. जोडाचा उंचवटाच नव्हता.

"जोड कुठाय?"

"ग्राइंड केला बाबा!" संग्राम हसत म्हणाला. त्याला कौतुक हवं होतं. "क्लीन लुक. आता तुम्हीच ओळखा, जॉइंट कुठून कुठे गेलाय ते. क्लबात कुणालाच ओळखता नाही आला."

आत काही उतरलंच नव्हतं, जे होतं ते वर, आणि या शहाण्यानं तेही घासून टाकलं होतं. आता त्या पट्टीला चासीशी धरून काय होतं? सालपटाएवढं लोखंड आणि मरून रंग. उल्हासरावांनी फोनचा दिवा लावला आणि आत वाकून इंजिन टेकतं तिथे पाहिलं. रंगात एक रेघ होती. केसासारखी बारीक, वीतभर लांब, अगदी सरळ. रंग आपण होऊन असा सरळ तडकत नाही.

ते उठले. "अनिका, उतर खाली."

"व्हाय?"

"उतर म्हणतो ना!"

आजोबांनी तिच्यावर आवाज कधीच चढवला नव्हता. ती उतरली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. कांचनताई दारातच थांबल्या. भिंतीवर संग्रामची हत्यारं ओळीनं टांगलेली होती, प्रत्येकाखाली नाव. उल्हासरावांनी छन्नी काढली, हातोडा काढला.

"बाबा, काय करताय? बाबा, पेंट!"

छन्नीचं टोक त्यांनी रेघेच्या शेवटावर टेकवलं आणि हातोडा मारला. एक. रंगाचा टवका उडाला. दोन. छन्नी आत गेली, जणू तिला तिथे बोलावलंच होतं. मग त्यांनी ती तिरकी करून दाबली, आणि टक्-टक् करत पट्टी चासीपासून हातभर सुटून आली. लोखंड लोखंडाला धरून असलं की असा आवाज येत नाही.

"बघ," उल्हासराव ओरडले. घरासमोरून कुत्रा घेऊन चाललेला माणूस थबकला. "इकडे ये आणि बघ! ही कड बघ. करवतीच्या रेघा दिसतात? तू पट्टी कापलीस तेव्हाच्या! जशाच्या तशा! वितळलंच नाही रे काही! रंगानं धरली होती ही चासी, रंगानं! यात तू पोरीला घालून हायवेला नेणार होतास?"

जावयाला आज अहो-जाहो राहिलं नव्हतं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. संग्राम खाली बसून त्या कडेकडे बघत होता. करवतीच्या रेघा दिसत होत्या. त्याचा चेहरा उतरला, मग हळूहळू लाल झाला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "मार्चमध्ये, या घरात, सगळ्यांसमोर. तुम्ही चालेल म्हणालात."

"मला विचारायच्या आधीच मशीन घेऊन ठेवलं होतंस तू!"

"मग तसं सांगायचं ना! रिटर्न केलं असतं मी. दर वीकला फोटो टाकले, तुम्ही छान लिहिलंत. मला वाटलं, मेटलर्जीतला माणूस बघतोय, तर..."

"मेटलर्जी गेली खड्ड्यात! वेल्डर होतो मी. एकतीस वर्षं टँकर जोडले. त्याआधी भोसरीत गेटं जोडली. रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये. तुझं ते क्रूड!"

संग्रामनं रेणूकडे पाहिलं. रेणूनं मान खाली घातली नाही.

"मी लिहिलं होतं ते बायोडेटावर," ती म्हणाली. "आय वॉज अशेम्ड. मग खरं सांगायला जमलंच नाही. पण बाबा, मला आधी एक सांगा. हे तुम्हाला आज कळलं, की मार्चमध्येच माहीत होतं?"

उल्हासरावांनी हातोडा खाली ठेवला. "जावयाला कसं बोलणार मी? त्यांचा मान..."

"माहीत होतं का?"

"गाडी रस्त्यावर यायच्या आधी सांगणार होतो."

"कालच आणलीय रस्त्यावर," रेणू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "काल याच गाडीतून अनिकाला समर कॅम्पहून आणलं आम्ही. टोलवेनं. सत्तरवर होती गाडी."

ती बारीक रेघ कुठून आली, ते उल्हासरावांना आता समजलं. जवळ एक बादली पालथी होती, तिच्यावर ते बसले. ओरडावं कुणावर तरी, या अंगवळणी पडलेल्या ओढीनं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. संग्राम होता. त्यानं विचारलं होतं. रेणू होती. ती उत्तराची वाट बघत होती. कांचनताई दारात होत्या, आणि त्यांनी तोंड फिरवलं होतं.

"मानबिन काही नव्हतं गं," शेवटी ते म्हणाले. "मला ते लागलं होतं. गेटाचं. मला वाटलं, हा तोंडावर आपटू दे. सगळ्यांसमोर आपटू दे, मग येईल माझ्याकडे. फोटो यायचे ना, मला बरं वाटायचं."

रेणूनं अनिकाच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो तिनं आणखी घट्ट केला.

"मी लाजेनं खोटं लिहिलं, बाबा. बारा वर्षं तुम्हाला ते सलत राहिलं, ती माझी चूक, आणि त्याची माफी मी मागेन. पण माझ्या लाजेनं कुणी मेलं नसतं."

अनिकाला घेऊन ती आत गेली. कांचनताईही मागोमाग गेल्या. बीपीच्या गोळीचं नाव त्यांनी आज काढलं नाही.

गॅरेजमध्ये दोघं उरले. बराच वेळ संग्राम ती सुटलेली पट्टी बोटानं वर-खाली करत राहिला. त्यालाही राग आला होता, त्याच्या जबड्यावरून ते दिसत होतं, आणि तो येणं रास्त होतं. अखेर गाडीकडेच बघत त्यानं विचारलं, "मग कुठलं वेल्डिंग करायला हवं होतं मी?"

"मिगच," उल्हासराव म्हणाले. "तुझं बरोबर होतं ते."

संग्रामनं वळून पाहिलं.

मग त्यांनी सांगितलं. मशीन मोठं हवं, दोनशे वीस व्होल्टवर चालणारं, भाड्यानं मिळतं. बॉडी आणि इंजिन उतरवायचं, चासी सपाट टेबलाला आवळून बांधायची. रंग, गंज, काळी खपली, सगळं चकाकेपर्यंत घासायचं. दोन्ही कडा तिरप्या करायच्या, मध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची, म्हणजे रस तळापर्यंत उतरतो. आधी नुसते टाके मारायचे. मग एका वेळी दोन इंच, लगेच दुसऱ्या टोकाला दोन इंच, हात ठेवता येईल इतकं गार झाल्याशिवाय शेजारी जायचं नाही, नाहीतर चासी केळ्यासारखी वाकते. रोज सुरुवातीला त्याच पट्टीचा एक तुकडा जोडून व्हाइसच्या जबड्यात आवळून धरायचा आणि हातोड्यानं वाकवायचा. तुटला तर त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. आणि झालेला जोड घासायचा नाही, दिसला तर दिसू दे.

शेवटी संग्रामनं फक्त फटीचं माप पुन्हा विचारलं, आणि उल्हासरावांनी ते पुन्हा सांगितलं. सगळं सांगून व्हायला चार मिनिटं लागली.